अकरा मिनिटं स्तब्ध

सत्तेचं अंतिम उगमस्थान जनता असते. हे वाक्य मी अठरा-वीस वर्षं दर जूनमध्ये फळ्यावर लिहितो, मुलं ते वहीत उतरवून घेतात, आणि तास संपला की शिपाई ते पुसतो. या सगळ्यांत आपण काय करतो आहोत हे फक्त शिपायाला ठाऊक असतं, असं आता मला वाटतं. पण ही अक्कल उशिरा आली. तात्यासाहेबांच्या शोकसभेच्या दिवशी माझ्याजवळ अक्कल नव्हती, राज्यशास्त्राची पदवी होती.

"फोटो खुर्चीत ठेवायचा का टेबलावर?" प्राचार्य लिमकरांनी विचारलं. सकाळचे दहा वाजले होते. सभा अकराला होती.

"खुर्चीत," मी म्हणालो.

"खुर्चीत ठेवला तर बसणार कोण?"

"कोणीच बसायला नको म्हणून तर ठेवायचा, सर."

लिमकरांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. गेले चार दिवस त्यांना झोप नव्हती. तात्यासाहेब इंगवले आमच्या कासारवेढ्याच्या शिक्षण मंडळाचे सत्तावीस वर्षं अध्यक्ष होते. त्यांच्या मागे उरले उपाध्यक्ष अप्पासाहेब खराटे आणि सचिव भगवंतराव सोनटक्के. शोकसभेचं अध्यक्षस्थान या दोघांपैकी कोणाला दिलं, तरी उरलेला प्राचार्यांना सोडणार नव्हता. फोटो खुर्चीत बसवला म्हणजे सभेचे अध्यक्ष स्वतः तात्यासाहेबच. मेलेल्या माणसाला कोण हरकत घेणार?

दोघांनी मग बाजूच्या खुर्च्यांवरून हरकत घेतली.

"उपाध्यक्ष उजवीकडं," अप्पासाहेब म्हणाले. फोटोच्या उजव्या हाताची खुर्ची मानाची.

"घटनेत तसं कुठं आहे?" भगवंतरावांनी विचारलं. ते मंडळाची घटना पिशवीत घेऊनच फिरत.

"घटनेत नसंल, पण रीतीत आहे. आमच्या घरात सात पिढ्या उजवीकडं बसतात."

"बसा, बसा. दुःखाच्या दिवशी उजवं-डावं काय करायचं?" असं म्हणून भगवंतराव डावीकडच्या खुर्चीवर रुमाल टाकून गेले. हरलेला माणूस असा बोलतो, तेव्हा समजावं की तो दुसरीकडे जिंकायला निघाला आहे.

माझा या सगळ्याशी संबंध एवढाच, की मी त्या कॉलेजात सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर कोणी नाही. अखेर तात्यासाहेब पाघळले होते. माझा पूर्णवेळ नेमणुकीचा आदेश टाइप होऊन तयार होता आणि शुक्रवारी ते त्याच्यावर सही करणार होते. गुरुवारी दुपारी ते जेवून जरा पडले आणि उठलेच नाहीत. घरी वृंदा पदर तोंडाला लावून रडली. मीही रडलो. त्यातलं तात्यासाहेबांसाठी किती आणि सहीसाठी किती, हे आम्ही नवरा-बायकोनं एकमेकांना विचारलं नाही.

आता सही नव्या अध्यक्षांची लागणार होती. अप्पासाहेबांचा पुतण्या नुकताच राज्यशास्त्रात एम. ए. झाला होता. भगवंतरावांचे होणारे जावईही, योगायोगानं, त्याच विषयाचे. मी तेहतीस वर्षांचा होतो. पुढच्या वर्षी नेमणुकीच्या वयात बसणार नव्हतो.

टेबल मांडण्याचं काम गेनूमामांकडे होतं. गेनूमामा कॉलेजचे शिपाई, पंचेचाळिशी उलटलेले, कमी बोलणारे. जुनं सागवानी टेबल त्यांनी जमिनीपर्यंत लोळणाऱ्या हिरव्या कापडानं झाकलं. मी हौसेनं फुलदाणी आणून टेबलाच्या उजव्या कडेला ठेवली. ती त्यांनी एक शब्द न बोलता उचलली आणि मधोमध समईशेजारी ठेवली. मधे मग समई, फुलदाणी, उदबत्तीचं घर, पाकळ्यांचं ताट अशी दाटी झाली. "इकडं मोकळं राहिलं की, मामा," मी म्हणालो. "राहू द्या," ते म्हणाले.

मी सूत्रसंचालक होतो. माझ्या आवाजात दुःख चांगलं उमटतं, असं तात्यासाहेब म्हणत. कागद हातात घेऊन मी घोकत उभा होतो, तेवढ्यात अप्पासाहेबांनी मला सायकल स्टँडकडे बोलावलं.

"काय कुंभोजकर, शेवट कसा करणार?"

"दोन मिनिटं स्तब्धता, अप्पासाहेब."

"आन् मग?"

"मग 'ओम शांती'."

"कोण म्हणणार?"

खरा प्रश्न तोच होता. आमच्या मंडळात दोन मिनिटांची स्तब्धता म्हणजे तात्यासाहेबांना वाटेल तेवढी. घड्याळाकडे बघून ते स्वतः "ओम शांती" म्हणत, आणि मगच सभागृह बसे. शिपायाची आई वारली तेव्हा दोन मिनिटं पंधरा सेकंदांत झाली होती. एक माजी मंत्री वारले तेव्हा तीच साडेचार मिनिटं चालली. चारशे माणसांना उभं ठेवायचं आणि चारशे माणसांना बसवायचं, हे सत्तावीस वर्षं एकट्या त्यांच्याच हातात होतं. आज "ओम शांती" म्हणेल त्याच्या शब्दावर सभागृह बसणार, आणि सभागृह एकदा ज्याच्या शब्दावर बसलं त्याला पुन्हा निवडून द्यायचं काय उरतं?

"माझं नाव पुकारा," अप्पासाहेब म्हणाले. "'अप्पासाहेब शांतिवचन म्हणतील.' एवढंच. तुमच्या त्या नेमणुकीच्या कागदाचं मी बघतो."

"आपला पुतण्या..."

"पोरगं आहे ते. थांबंल. नाहीतर दुकानात बसवू." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अप्पासाहेबांचा हात खांद्यावर पडला की माणसाला आपण पोतं असल्यासारखं वाटे.

परत येताना व्हरांड्यात भगवंतराव भेटले. त्यांनी मला सुपारी दिली.

"सर, तुमची फाईल माझ्याच कपाटात आहे बरं का. काळजी करू नका."

"आभारी आहे."

"उंदीर फार झालेत हल्ली. पण मी लक्ष ठेवून आहे." त्यांनी सुपारीचं खांड दाढेखाली धरलं. "स्तब्धतेनंतरचं तेवढं सचिवांकडं असू द्या. दप्तर ज्याच्याकडं, समारोप त्याच्याकडं. अशी आपली पद्धत."

अशी पद्धत नव्हती. पण फाईल त्यांच्या कपाटात होती आणि उंदीर कोणाचे ते मला ठाऊक नव्हतं.

मी प्राचार्यांकडे धावलो. सगळं ऐकून लिमकर म्हणाले, "दोघांचंही ऐका."

"म्हणजे काय करू?"

"म्हणजे मला विचारू नका."

तेव्हा मी माझ्या मते अत्यंत हुशार निर्णय घेतला. कोणाचंच नाव पुकारायचं नाही. स्तब्धता जाहीर करायची आणि हात जोडून बाजूला व्हायचं. पुढचं इतिहास बघून घेईल. दोघांनाही वाटेल की मी दुसऱ्याचं नाव घेतलं नाही, म्हणजे मी त्यांचाच. परीक्षेत ज्या मुलाला उत्तर येत नाही, तो प्रश्नच पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहितो. तशातला हा प्रकार.

सभा झाली. नऊ जणांनी भाषणं केली, आणि तात्यासाहेबांनी अखेरच्या घटकेला आपल्यालाच जवळ बोलावून "संस्थेला जपा" असं सांगितल्याचं त्यांतल्या सात जणांनी सांगितलं. ते तर झोपेत गेले होते. बारा वाजून तीन मिनिटांनी मी म्हणालो, "आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून कै. तात्यासाहेबांना श्रद्धांजली अर्पण करावी." आणि माइकपासून दोन पावलं मागे सरलो.

चारशे खुर्च्या एकदम वाजल्या आणि थांबल्या.

पहिली दोन मिनिटं खरोखर शांततेची होती. तिसऱ्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या पोलीस पाटलांनी हळूच मनगट वळवून घड्याळ पाहिलं. चौथ्याला मागे बारावीच्या मुलींत कोणाला तरी उचकी लागली. पाचव्याला मी मान खाली ठेवून डोळे वर केले.

अप्पासाहेब हात जोडून, डोळे मिटून उभे होते. पण त्यांचा डावा डोळा किंचित किलकिला होता आणि तो भगवंतरावांकडे वळला होता. भगवंतरावांचा उजवा डोळा त्याच अवस्थेत होता. मधे तात्यासाहेब हसत होते. तो फोटो वाढदिवसाचा होता.

काय झालंय ते माझ्या ध्यानात आलं. जो "ओम शांती" म्हणेल तो अध्यक्ष, हे खरं. पण जो आधी तोंड उघडेल त्याचं दुःख आधी संपलं, हेही तितकंच खरं. उद्या गावभर होणार, की तात्यासाहेबांसाठी अमक्याला चार मिनिटंसुद्धा उभं राहवलं नाही. शिवाय एकानं म्हटलं आणि दुसरा बसलाच नाही तर? सभागृह अर्धं बसलेलं, अर्धं उभं. मतमोजणीच झाली की ती, तीही उघड. म्हणून दोघेही दुसरा चुकायची वाट पाहत होते, आणि दोघेही चुका न करण्यात मुरलेले.

सहाव्या मिनिटाला शेजारी उभ्या लिमकरांचे ओठ न हलता आवाज आला.

"संपवा."

"कोणी?"

"तुम्ही. तुम्ही सूत्रसंचालक."

"सर, मी तासिका तत्त्वावर आहे."

"मग काय मी संपवू?"

"तुम्ही प्राचार्य आहात."

"माझी सेवानिवृत्ती दोन वर्षांवर आहे हो!"

आम्ही दोघं पुन्हा स्तब्ध झालो.

आठव्या मिनिटाला हेडक्लार्क बाबर एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले. त्यांना साखरेचा त्रास होता आणि त्यांना कुठे जायचं आहे हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण बसायची किंवा बाहेर जायची त्यांची हिंमत झाली नाही. सबंध सभागृहात कोणाची झाली नाही. सरकार उलथवणाऱ्या चळवळीतली दोन म्हातारी माणसं दुसऱ्या रांगेत होती. तीही उभीच. मला एकदम ओळखीचा मजकूर समोर घडताना दिसला. 'राज्य म्हणजे आज्ञा पाळण्याची सवय,' असं मी फळ्यावर लिहीत असे. इथे तर आज्ञा देणारा चार दिवसांपूर्वी जळून गेला होता, आणि सवय तेवढी उभी होती.

नवव्या मिनिटाला बाहेर कोणीतरी खोकलं, आणि सगळं सभागृह आशेनं तिकडे वळता वळता थांबलं.

दहाव्या मिनिटाला मी मनातल्या मनात वृंदाची क्षमा मागितली आणि माइककडे एक पाऊल टाकलं. अप्पासाहेबांचा किलकिला डोळा माझ्यावर आला. भगवंतरावांचाही आला. मी पाऊल मागे घेतलं.

आणि अकराव्या मिनिटाला, पडद्याच्या बाजूनं, गेनूमामा मंचावर आले.

त्यांच्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये एकच ग्लास. त्यावर निळ्या मण्यांची, क्रोशानं विणलेली जाळी.

ती जाळी काय होती हे कासारवेढ्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. आमच्या मंडळात पाणी सगळ्यांना मिळे, झाकलेलं पाणी फक्त तात्यासाहेबांना. पालकमंत्री आले तेव्हा त्यांना बाटली दिली होती, जाळी नाही. चारशे माणसांनी माना न हलवता डोळे फिरवले.

गेनूमामा टेबलापाशी आले. फोटोसमोर पाहिलं. तिथे समई, फुलदाणी, पाकळ्या. जागा नव्हती. ते उजवीकडे वळले. अप्पासाहेबांची छाती फुगली. ओठ विलग झाले. "ओ" दिसलासुद्धा. मामा थांबले. क्षणभर विचार केला. मग फोटोला मागून वळसा घालून डावीकडे गेले आणि ग्लास भगवंतरावांच्या पुढ्यात ठेवला. फोटोला नमस्कार केला आणि आले तसे गेले.

भगवंतरावांनी जाळी उचलली. सावकाश, मणी वाजू न देता. पाणी प्यायले. अर्धं नाही, सगळं. ग्लास खाली ठेवला, जाळी पुन्हा वर घातली आणि म्हणाले, "ओम शांती, शांती, शांती."

सभागृह बसलं. धरणाचं दार उघडावं तसा आवाज झाला. अप्पासाहेब तेवढे उभे होते. त्यांनी सभागृहाकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. मग तेही बसले. बाबर धावत बाहेर गेले.

आठवड्यानं मंडळाची बैठक झाली. भगवंतराव सोनटक्के यांचं नाव अध्यक्षपदासाठी अप्पासाहेब खराटे यांनीच सुचवलं. "तात्यासाहेबांची तशी इच्छा होती," ते म्हणाले. कोणीच विचारलं नाही, की इच्छा कधी सांगितली. सगळ्यांनी ती पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला बोलावलं. टेबलावर माझी फाईल होती. उंदरांनी स्पर्श केलेला नव्हता.

"कुंभोजकर, नाव कोणाचंच पुकारलं नाहीत."

"नाही, साहेब."

"म्हटलं हा दगा देतोय. पाय भरून आले माझे, पण म्हटलं बघू तरी." ते पुढे वाकले. "आणि मग गेनूला पाठवलंत. झाकलेला ग्लास घेऊन. एक शब्द न बोलता! अहो, मी चाळीस वर्षं राजकारण करतोय, मला हे सुचलं नसतं."

मी बोलायला तोंड उघडलं. समोर फाईल होती. पेनाचं टोपण काढलेलं होतं. मी तोंड मिटलं आणि मान खाली घातली. माझ्या आयुष्यातली सर्वांत फलदायी स्तब्धता तीच. ती चार सेकंद टिकली.

"विनय आहे तुमच्यात," असं म्हणून त्यांनी सही केली. होणाऱ्या जावयांना त्यांनी नंतर भूगोलात घेतलं.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मी गेनूमामांना पाठवलं नव्हतं. मग कोणी? लिमकरांना वाटत होतं, भगवंतरावांनीच. अप्पासाहेबांना वाटत होतं, लिमकरांनी, म्हणून लिमकर निवृत्त होईपर्यंत ते त्यांच्याशी बोलले नाहीत. गेनूमामांना विचारायची कोणाची छाती नव्हती. अध्यक्ष करणाऱ्या माणसाला काय विचारायचं? मी त्यांना बघत असे. प्राध्यापक त्यांना वाकून नमस्कार करू लागले होते. बदली हवी असलेला माणूस आधी गेनूमामांना चहा पाजी. मामा चहा पीत आणि काही बोलत नसत. त्यामुळे तर दबदबा आणखीच वाढला.

मीही त्यावर विचार केला. 'ग्रामीण शिक्षणसंस्थांतील सत्तांतर: प्रतीकांची भूमिका' हा शोधनिबंध मी राज्यस्तरीय परिषदेत वाचला. वरकरणी दुर्बळ दिसणारा सेवक हाच व्यवस्थेच्या सुप्त इच्छेचा वाहक कसा असतो, उजवीकडे जाता जाता क्षणभर थांबणं ही त्या समाजमनाची निर्णयप्रक्रिया कशी, असा मुद्दा मांडला. टाळ्या पडल्या. पुढे त्याच विषयावर पीएच.डी. झाली. आज दारावरच्या पाटीत नावाआधी 'डॉ.' आहे, ते त्या क्षणभराच्या थांबण्यामुळे.

मागच्या मार्चमध्ये गेनूमामा निवृत्त झाले. त्याच सभागृहात, त्याच हिरव्या कापडाच्या टेबलापाशी निरोप समारंभ झाला. सगळे गेल्यावर मामा कापड काढून घड्या घालत होते. कामाचा शेवटचा दिवस होता त्यांचा, तरी. मला राहवलं नाही.

"मामा, एक विचारू? तात्यासाहेबांच्या शोकसभेत पाणी घेऊन तुम्हाला कोणी पाठवलं होतं?"

"कोण पाठवणार? सगळं मांडलं आन् पाणी ठेवायचं राहिलं होतं. माणूस गेला तर फोटोपुढं पाणी नको ठेवायला? मागं उभा राहून राहून म्हटलं, ह्यांचं काय आवरत नाही, तवर ठेवून तरी येऊ."

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी विचारलं, "म्हणजे ते पाणी..."

"तात्यासाहेबांचं. त्यांच्याच ग्लासात. भगवंतराव पिऊन बसले. मोठी माणसं, मी काय बोलणार?"

"पण मग फोटोसमोर का नाही ठेवलंत?"

"जागा कुठं होती? तुमची ती फुलदाणी."

"बरं, मग उजवीकडे जाता जाता थांबलात ते? अप्पासाहेबांकडे न ठेवता वळसा घालून डावीकडे गेलात. ते का?"

गेनूमामांनी घडी घातलेलं कापड काखेत मारलं आणि टेबलाची उजवी कड दोन बोटांनी दाबली. टेबल डुगडुगलं.

मी वाकून पाहिलं. उजवीकडचा पुढचा पाय दीड बोट आखूड होता.